चारला उठणाऱ्या मुली

आमच्या वसतिगृहाची घंटा पहाटे साडेपाचला होते. दिवाळी सरून शाळा भरायला लागल्या की पहिला पंधरवडा ती घंटा नावालाच असते, कारण निम्म्याअधिक मुली चारलाच उठून बसलेल्या असतात. अंथरुणाची घडी घातलेली, आपली वेणी आपणच घट्ट ओढून घातलेली, आणि एखादी अंधारात चाचपडत झाडू शोधत असते. कुणी सांगितलेलं नसतं. मागच्या हंगामात यातल्या बऱ्याच जणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या असतात. तिथे आई तीनला उठते, चूल पेटते, भाकरी थापून फडक्यात बांधल्या जातात आणि तांबडं फुटायच्या आत माणसं फडात उतरलेली असतात. मागे कोपीवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाच्या झोपडीत, जे उरतं ते सगळं दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येतं. लांबून आणायचं पाणी, रात्रीची भांडी, बैलगाडी असेल तर बैलांची वैरण, आणि कडेवर पाठचं भावंड. अशा मुलीची झोप एकदा चारला मोडली की ती वसतिगृहात गादीवर झोपली तरी चारलाच मोडते.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टरमधून संसार भरून माणसं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर गाठतात, काही टोळ्या बेळगावकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. मार्च-एप्रिलात गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत फिरता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला २०१० च्या एप्रिलपासून. पण ज्या सहा महिन्यांत शाळेचं खरं वर्ष चालतं, तेच सहा महिने उसाचे. म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहं निघाली, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ पासून आली, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाच्या वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. शिवाय चार खोल्यांची, लोकवर्गणीवर चालणारी छोटी वसतिगृहंही आहेत. त्यातल्याच एकात मी मुलींच्या खोलीत राहते. शिकले अंबाजोगाईला, इथे एका हंगामापुरती आले होते. कागदावर मी स्वयंसेविका आहे, मुली ताई म्हणतात.

बाहेरच्या माणसांना वाटतं, या कामात मुलींना शिस्त लावायची असते, वळण लावायचं असतं. वर्गणी द्यायला आलेले भले लोक ओसरीवर उभे राहून मुलींना हेच सांगतात: कामाची सवय ठेवा, आईबापांचे कष्ट विसरू नका. मुली मान हलवतात. मला त्या वेळी फार वाईट वाटतं. या मुलींना कामाची सवय काय लावायची? पाचवीतल्या मुलीला बाजरीची भाकरी हातावर थापता येते, तिला तान्ह्या पोराची गुटी उगाळता येते, टँकर आला की किती हंडे भरायचे हे कळतं, आणि बाप पिऊन आला की कुठल्या कोपऱ्यात बसायचं हेही कळतं. तिला येत नाही ते एवढंच, की दुसऱ्या कुणी आपलं काही करावं आणि आपण ते करू द्यावं. मला विचाराल तर वसतिगृहातलं आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि ती शिकवायला अख्खा हंगाम जातो.

रविवारी दुपारी केस धुवायचा आणि फणी फिरवायचा कार्यक्रम असतो. हंगामाच्या सुरुवातीला जवळपास प्रत्येकीच्या डोक्यात उवा असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका अंथरुणात चार डोकी टेकली की उवा होणारच. आरोग्य केंद्रातून पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं, ते ओलसर केसांना लावून दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, मग बारीक दातांच्या लाकडी फणीने कानामागून आणि मानेवरून लिखा ओढून काढायच्या. औषधाने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. आठवडा-दहा दिवसांत त्या फुटतात, म्हणून तेवढ्या दिवसांनी सगळ्यांचं पुन्हा एकदा, एकाच दिवशी. एकीचं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. हे मी नव्या येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेविकेला सांगते, कारण पहिल्या वेळी सगळ्या उत्साहात असतात आणि दुसरी वेळ टळते.

गेल्या हंगामात एक पाचवीतली मुलगी आली होती. उन्हाने केस भुरकट झालेले, टाळूवर ओरबाडून केलेल्या खपल्या. ओसरीच्या पायरीवर माझ्यापुढे बसली ती ताठ, खांदे वर ओढलेले. मी भांग पाडून केसांचा एक पदर बाजूला केला की तिचा हात वर यायचा आणि तो पदर धरून ठेवायचा, मला सोपं जावं म्हणून. लहान बहिणीचं डोकं बघताना तिने स्वतः कितीदा दातांत दोरा धरून, एका हाताने केस आणि एका हाताने फणी सांभाळली असेल. मी म्हटलं, "हात खाली ठेव बाळा." तिने ठेवला. फणी दोनदा फिरली की हात पुन्हा वर. "ताई, म्या धरते की, तुमाला दिसत नसंल." पुन्हा खाली. असं करता करता अर्धं डोकं झालं, आणि मग ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या आता. त्या बारकीचं करा, तिला लई खाजवतंय." बारकी म्हणजे तिची कुणी नव्हे, त्याच आठवड्यात आलेली दुसरीतली पोर. मी तिला उठू दिलं नाही. दोन्ही बाजूंच्या वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. संध्याकाळी प्रार्थनेला बसली तेव्हा ती सारखी मागे हात नेऊन वेणीची गाठ चाचपत होती. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. संक्रांतीच्या आसपास कधीतरी तिचे हात मांडीवर राहू लागले आणि ती फणी चालू असतानाच शेजारणीशी भांडायला लागली. त्या भांडणाचा मला झालेला आनंद मला कुणाला नीट समजावून सांगता येणार नाही.

आपली पाळी दुसरीला द्यायची ही त्यांची रीतच. पांघरूण वाटताना, गरम पाण्याची बादली देताना, तेलाची बाटली फिरताना, मोठी मुलगी मागे सरकते. रविवारी उकडलेलं अंडं असतं. एकदा खोलीत दोन दिवस वास येत होता. शेवटी एका मुलीच्या पत्र्याच्या पेटीत, फ्रॉकच्या घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अंडी सापडली. भावासाठी ठेवली होती, तो कऱ्हाडच्या बाजूला आईबरोबर कोपीवर होता आणि मार्चशिवाय यायचा नव्हता. तिला रागावायचा प्रश्नच नव्हता. आम्ही स्वयंपाकाच्या मावशींशी बोललो आणि एक मोठा डबा ठेवला. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, टिकणारं जे काही मुलींना घरच्यांसाठी राखायचं असेल ते त्यात, प्रत्येकीच्या नावाची पुडी करून. अंडं मात्र ताटातच संपवायचं, आणि ते संपेपर्यंत मी शेजारी बसते. घरच्यांसाठी काहीतरी बाजूला पडतंय हे दिसलं की मुलगी स्वतः खाते, एवढं त्यातून कळलं.

कामाच्या पाळ्यांवरून आमच्यात पुष्कळ वाद झाले आहेत. वसतिगृहांत मुलींना झाडलोट, भांडी, कधी कधी पोळ्या लाटायलाही लावतात आणि त्याला स्वावलंबन म्हणतात. मला ते मान्य नाही. शंभर माणसांच्या भाकरी बडवायला मुलगी ऊस सोडून इकडे आलेली नाही. पण सगळं काम काढून घेतलं तर काय होतं तेही बघितलंय. सातवीतली एक मुलगी पहिल्या आठवड्यात नुसती खोलीच्या दाराशी उभी राहायची, हात ओढणीत गुंडाळून. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मग म्या काय करू?" काम हीच तिची घरातली जागा होती, कामामुळे बाप तिच्याशी बोलायचा, आई तिला विचारून ठरवायची. ते एका दिवसात काढून घेणं हाही अन्यायच. आता आमचा नियम असा आहे: आपलं ताट आपण घासायचं, आपली खोली आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून झाडायची, चुलीजवळ आणि गॅसजवळ मुलींनी जायचं नाही. पहाटे साडेपाचच्या आधी कामाला हात लावायचा नाही. चारला जाग आली तर पडून राहायचं, माझ्याशी हळू आवाजात बोलायचं किंवा दिव्याखाली गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायचं. पडून राहणं सगळ्यात अवघड जातं. कितीतरी मुलींनी मला पांघरुणातून विचारलंय की नुसतं पडलं तर कुणी ओरडणार नाही ना.

दुखणं अंगावर काढायची सवय याच्याच पोटातली. ताप असलेली मुलगी शाळेत जाऊन बसते, कारण फडावर आजारी पडणं म्हणजे खाडा. आईचा खाडा पडला की पैसे कापले जातात, हे तिने पाहिलेलं असतं. म्हणून मी सकाळच्या रांगेत कपाळाला हात लावून पाहते. विचारून उपयोग नसतो. सगळ्यात फसवं दुखणं लघवीचं. उसाच्या फडात संडास नाही, आडोसा नाही, तेव्हा बायका उजेड असेपर्यंत पाणीच पीत नाहीत, आणि मुली आयांचं बघून तेच करतात. इथे न्हाणीघर आहे, संडासाला दार आहे, दाराला कडी आहे, तरी संध्याकाळी पाच वाजले की त्यांचा तांब्या पालथा. मग जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी भरून ताप. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई दर वर्षी हेच निदान करतात. आता मी जेवणाआधी प्रत्येकीला माझ्यासमोर एक पेला पाणी प्यायला लावते आणि रात्री संडासाकडचा दिवा जळता ठेवते. ज्यांना अंधाराची भीती वाटते त्यांच्याबरोबर उठून जाते.

हे किरकोळ वाटेल. पण २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी जणी होत्या. पाळीत अंगावर जातं, पांढरं जातं, पोटात दुखतं, दवाखान्यात जायला खाडा परवडत नाही, आणि कुणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. आमच्या मुलींतल्या अनेकींच्या आया त्या १३ हजारांत असतील. पाण्याचा पेला हातात देताना मला त्या आया आठवतात. आपल्या दुखण्याला किंमत आहे, ते सांगितलं तर कुणी थांबून ऐकतं, हे दहाव्या वर्षी कळलं तर तिशीत ती बाई डॉक्टरला दोन प्रश्न विचारेल.

पहिली पाळी आली की आमच्या मुली ती लपवतात. घाबरलेल्या असतात, पण रक्ताला नव्हे. बहुतेकींनी कोपीवर आईबरोबर राहून सगळं पाहिलेलं असतं. सातवीतल्या एका मुलीने रात्री दोन वाजता, थंडीत, चादर धुऊन वाळत घातली आणि ओल्या हातांनी माझ्या उशाशी येऊन बसली. पहिलं वाक्य होतं, "ताई, आज्जीला फोन करू नका." मी म्हटलं, नाही करत. मग थोड्या वेळाने: "तिला कळलं की मामाच्या पोराचं चालू व्हईल." तिला मी कोरडा फ्रॉक दिला, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, गरम पाण्याची पिशवी दिली आणि माझ्या शेजारी झोपवलं. कपाटात पॅड ठेवलेले असतात, त्या कपाटाला कुलूप नाही आणि नोंदवही नाही. लागतील तेवढे घ्यायचे, कुणाला विचारायचं नाही. दर सोमवारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर असते, ती मात्र माझ्यासमोर गिळायची.

मुलीचं वय झालं ही बातमी घरी गेली की लग्नाची बोलणी सुरू होतात, हे खरं आहे. त्यासाठी आयांना दोष देणं मला जमत नाही. प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी, तिला दार नाही, आजूबाजूला परक्या टोळ्यांची माणसं, आणि आईबाप पहाटेपासून फडात. वयात आलेली मुलगी अशा जागी एकटी ठेवायची कशी? गावी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची तर तिथेही जीव टांगणीला. मग तिला कुंकवाचा धनी मिळवून दिला की आपण सुटलो, असं त्या माउलीला वाटतं, आणि वर नवा कोयता तयार होतो, त्यावर उचल मिळते. त्या भीतीला भाषणाने उत्तर देता येत नाही. आतून कडी लागणारं दार आणि त्या दाराशी झोपलेली ओळखीची बाई, हे उत्तर आयांना पटतं. म्हणून मी आयांना आधी खोली दाखवते. कडी लावून दाखवते. माझं अंथरूण कुठे असतं ते दाखवते. कायद्याचं बोलणं त्यानंतर.

कायदा अर्थातच बोलावा लागतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, मुलीचं वय १८, आणि गावपातळीवर बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलाय, आणि मुलींना तो पाढ्यासारखा पाठ आहे. एकदा आठवीतल्या एका मुलीचा साखरपुडा ठरल्याचं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. आम्ही आजीकडे गेलो, चुलत्यांकडे गेलो, ग्रामसेवक बरोबर आले, फोनवर बापाशी बोलणं झालं. बाप फडातून ओरडत होता, मागून ट्रॅक्टरचा आवाज. शेवटी म्हणाला, दहावीपर्यंत थांबतो. ती मुलगी आज दहावीला आहे. दुसऱ्या एकीच्या वेळी आम्हाला कळलं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. संक्रांतीला म्हणून घरी गेली होती, परत आली नाही. तिची पेटी अजून आमच्याकडे आहे, कुणी न्यायला आलं नाही. पुढच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली असं तिच्या गावच्या मुलींनी सांगितलं. मला तिचं अक्षर फार आवडायचं.

आठवड्यातून एकदा रात्री आठनंतर फोनची वेळ असते, कारण त्याआधी आईबाप फडातून आलेले नसतात, आणि नंतर गाडी भरायला जावं लागलं तर पुन्हा गाठ पडत नाही. फोन चार्ज करायलाही त्यांना रस्त्यावरच्या दुकानात पैसे मोजावे लागतात. प्रत्येकीला पाच मिनिटं. मला वाटायचं मुली रडतील, घरी न्या म्हणतील. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा मुलगीच विचारत असते. "आज किती मोळ्या झाल्या? पाठीचं कसंय? दादू दूध पितो का?" तिसरीतली एक पोर आईला सांगत होती की बाळाला झोळीत घातल्यावर झोका आडवा द्यायचा, उभा दिला की तो रडतो, आणि त्याच्या कानावर फडकं बांध, गार वारं सुटलंय. आई पलीकडून हो हो म्हणत होती. आठ वर्षांची पोर. पाच मिनिटं संपत आली तेव्हा मी खुणेने तिला म्हटलं, तुझं काहीतरी सांग. ती गोंधळली. मग म्हणाली, "माझी बेरीज बरोबर आली." आता फोनच्या आधी आम्ही दोघी बसून ठरवतो की या वेळी स्वतःबद्दल काय सांगायचं. चित्र काढलं, खो-खोत कुणाला बाद केलं, दात पडला. आयांना हेच ऐकायचं असतं. एका आईने मला नंतर सांगितलं की दात पडल्याची बातमी तिने फडातल्या सगळ्या बायकांना सांगितली.

रात्री खोलीत झोपायच्या जागा वेगळ्या आखून दिलेल्या असल्या तरी सकाळी तीन-तीन मुली एका पांघरुणात सापडतात. कोपीत अशीच झोप असते, अंगाला अंग लागलेलं. ते मी मोडत नाही. खरूज असेल तेवढे दिवस मात्र कडकपणे वेगळं झोपवावं लागतं. मलम मानेपासून तळव्यापर्यंत सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, सकाळी कपडे-चादरी उकळत्या पाण्यात. खाज पुढे दोन आठवडे राहू शकते, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम चोपडायचं नाही. अर्ध्या रात्री एखादी लहान पोर झोपेत रडते. त्या आवाजाला पहिली हलते ती कुणीतरी मोठी मुलगी, डोळेही न उघडता तिचा हात त्या पोरीच्या पाठीवर पडतो आणि थापटायला लागतो. मला तिच्याआधी उठायचं असतं. पहिल्या महिन्यात मी नेहमी मागे पडते. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार असतो. पण मी जाऊन तो हात उचलते, तिच्या पांघरुणात परत ठेवते आणि पोरीला मांडीवर घेते. बारा वर्षांच्या मुलीला रात्रभर सलग झोप मिळाली पाहिजे. तिच्या अभ्यासाचं, वाढीचं, चिडचिडीचं निम्मं उत्तर त्या झोपेत आहे.

महाराष्ट्राला वसतिगृहांचा मोठा वारसा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, तो १९०० साली हिंगण्याच्या माळावर गेला. साताऱ्यात भाऊराव पाटलांचं बोर्डिंग १९२४ साली सुरू झालं. शाळेत हे आपण वाचतो. पण हिंगण्याला पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली, साताऱ्याला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ते धड्याच्या शेवटच्या चार ओळींत येतं. त्या घरांत रात्री ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी कुणी बदलली, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला ती माणसं माझी वाटतात.

आणि म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने म्हणायची आहे. वसतिगृहात रात्री राहणाऱ्या बाईला नेमून, नीट पगार देऊन ठेवलं पाहिजे, आणि एकीला नव्हे, दोघींना. माझ्यासारख्या स्वयंसेविकांवर हे भागवलं जातं, कारण आम्ही आनंदाने येतो. पण कॉलेजच्या सुटीत महिन्यासाठी आलेली मुलगी जेव्हा जाते, तेव्हा तिला जीव लावलेल्या मुलींच्या वाट्याला आणखी एक निरोप येतो, आणि निरोप त्यांनी आधीच पुष्कळ पाहिलेत. वसतिगृहांत मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यावर कॅमेरे बसवतात. कॅमेऱ्याला मुलीचं गप्प होणं दिसत नाही. तक्रारपेटी असावी, पण तिची किल्ली वसतिगृह चालवणाऱ्यांकडे नसावी. आमची पेटी महिन्यातून दोनदा गावातल्या एक निवृत्त शिक्षिका येऊन उघडतात. पोक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांत कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, आणि हे मी मुलींना पहिल्या आठवड्यातच सांगते, म्हणजे 'कुणाला सांगू नका' या अटीवर मी खोटं वचन देणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. तरी त्या सांगतात.

मार्च संपत आला की आईबाप परतू लागतात. मुलींचं वजन वाढलेलं असतं, पायांच्या भेगा भरलेल्या असतात, आणि आया दारातून आत येताना क्षणभर आपली कोणती ते शोधतात. ज्या आठवी संपवतात त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी असते. शिक्षण हक्काचं वय १४ ला संपतं, बऱ्याच योजनांची पोचही तिथपर्यंतच, आणि चौदाची मुलगी हाताशी आली की बापाबरोबर तिचा अर्धा कोयता धरला जातो. नववी-दहावीच्या मुलींसाठी आम्हाला आणखी दोन खोल्या हव्या आहेत. गावातल्या एका शेतकऱ्याने पडक्या वाड्याची एक बाजू देऊ केली आहे, तिच्या पत्र्याचं आणि संडासाचं काम पावसाआधी व्हायला हवं.

या वर्षी आठवी झालेल्या एका मुलीची आई मागच्या आठवड्यात आली. हातांना उसाच्या पाचटाचे चरे, पायात नव्या चपला. मुलगी पेटी भरत होती. मी विषय कसा काढावा या विचारात असताना तीच म्हणाली, "मुकादमाला सांगितलं बाई म्या. औंदा आमचा एकच कोयता लिही, पोरीचा अर्धा धरू नको." मालक काय म्हणाले, असं विचारलं. "त्यांनी तोंड पाडलंय. पाडू द्या. उचल कमी मिळंल." मग कनवटीची पिशवी काढून तिने विचारलं, "नववीच्या वह्या-पुस्तकाला काय लागंल ते आत्ताच सांगा ताई, उचल हातात आली की आधी तेवढं बाजूला काढते."